घामोळ्यांचं गुलाबी औषध

आमच्या मुरूम गावच्या घरात आरसा एकच होता, आणि तो अप्पांच्या दाढीचा होता. पुढं तेलाचं दुकान, मागं घर. मधल्या खोलीतल्या खांबाला अप्पांच्या उंचीवर तो टांगलेला असे. बाकीच्यांनी आपलं तोंड बघायचं तर घासलेल्या तांब्यात बघावं, नाहीतर लोक काय म्हणतात त्यावर भागवावं. माझ्याबद्दल लोक एवढंच म्हणायचे, की पोरगी हुशार आहे. पोरीला सगळ्यात आधी हुशार कधी म्हणतात, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. मी काळी होते. सावळी, गव्हाळ, नाकीडोळी नीटस हे शब्द पुढं सोयरीक जुळवताना आले. घरात सरळ काळी म्हणत. त्यात राग नसे की कीव नसे. करडईचं तेल पिवळं, शेंगदाण्याचं त्याहून फिकं, आणि आमची कस्तुरी काळी.

सकाळ व्हायची ती दुकानाच्या फळ्या निघण्याच्या आवाजानं. मग रिकामे डबे अंगणात आपटून उपडे घातले जायचे, आणि त्या सगळ्या दणदणाटाखाली अव्वाच्या भाकरीची थापथाप चालायची. अव्वा म्हणजे आमची आई. घरात मराठी आणि कानडीची खिचडी होती. व्यवहार मराठीत, शिव्या कानडीत. न्याहारीला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, वर कच्च्या करडईच्या तेलाची धार. ती चव आता धाराशिवला लेकाच्या घरी मिळत नाही. इथं डॉक्टरनं तेल बंद केलंय आणि सुनेनं डॉक्टरवर विश्वास ठेवलाय. अंघोळ झाली, की अव्वा एकेकाला पुढं ओढून कपाळावर विभूतीची तीन बोटं फिरवायची. अप्पा मात्र स्वतःची विभूती स्वतः लावून इष्टलिंगाच्या पूजेला बसत. डाव्या तळहातावर लिंग, डोळे मिटलेले, ओठांतल्या ओठांत मंत्र. त्या वेळात घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. आणि त्याच वेळात आरसा मोकळा असायचा.

मी उमरग्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. रोज एसटीनं जायचं, एसटीनं यायचं. आमच्या गल्लीत कॉलेजला जाणारी मी एकटीच. ते कसं जमलं, तर आळंदच्या एका कापडवाल्यांच्या घरी माझं बोलणं झालं होतं आणि अप्पांनी शब्द घेतला होता, की पोरगी बी.ए. होईपर्यंत थांबायचं. त्यांनीही मान हलवली होती. मुलगा मी एकदा बघितला होता, म्हणजे त्याच्या चपला बघितल्या होत्या. मान वर करायची पद्धत नव्हती. मला नवऱ्याची घाई नव्हती. मला बी.ए. व्हायचं होतं, बी.एड. व्हायचं होतं आणि आमच्या मराठीच्या बाईंसारखं हातात खडू घेऊन वर्गासमोर उभं राहायचं होतं. त्या बाई हे माझं वेड होतं. सुती पातळ, बारीक काठ, पातळ काजळाची एक रेघ, आणि चेहऱ्यावर काहीतरी लावलेलं असे, पण काय ते कळत नसे. लग्नाला निघाल्यासारखं नाही, जत्रेला निघाल्यासारखं नाही. रोजचंच, पण रोज छान. मी दोन बाकांवरून त्यांच्याकडं बघत बसे आणि कविता कानावरून जाई. माझी पक्की समजूत झाली होती, की बाई इतकं चांगलं शिकवतात ते त्या पावडरीमुळं. हसा. मीही हसते.

कटलरीच्या दुकानात तोंडाला लावायच्या स्नोची बाटली मिळायची, पण ते दुकान आमच्या दुकानासमोर. मी तिथं काय हातात घेतलं ते घरी पोचायच्या आत अप्पांना कळलं असतं. औषधाच्या दुकानात मात्र कुणीही कशालाही जावं. तिथं जाणाऱ्याला लोक फार तर आजारी म्हणतील. एवढा विचार करून ह्या हुशार पोरीनं आपली अक्कल पाजळली आणि कॉलेजात चहाला म्हणून मिळायचे त्या पैशातून औषधाच्या दुकानात शृंगार शोधायला लागली. दुकानदार शिवय्या म्हणून होते, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारे. घामोळ्यांना लावायचं गुलाबी कॅलामाइन औषध मी आधी मागितलं. बाटलीतून दिसणारा तो गुलाबी रंग मला थेट बाईंच्या गालांचा वाटला होता.

"कुणाला आल्यात घामोळ्या?" शिवय्यांनी विचारलं.

"मला."

"मार्गशीर्षात?"

"आमच्या घरात लई उकडतं," मी म्हणाले.

पुढच्या खेपेला ग्लिसरीन घेतलं, त्याच्या पुढच्या खेपेला बोरिक पावडर. ती कॅरमवर टाकायला म्हणून. आमच्या घरात कॅरम नव्हता, आणि हे शिवय्यांना चांगलं ठाऊक होतं. ओठांसाठी जखमेवर लावायचं लाल औषधही घेतलं. ते एकदाच लावलं. ओठ लाल झाले, त्यावर हिरवट झाक आली, जीभ दिवसभर कडू. अव्वानं विचारलं तर ओठ फुटला म्हणाले. तिनं मायेनं त्यावर तूप चोपडलं आणि सगळा लाल रंग हनुवटीवर उतरला. नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आज्जी, ते विषारी असतं!" असेल. बरंच काही पचलं, तेही पचलं.

अप्पांची पूजा सुरू झाली, की माझीही सुरू व्हायची. पाटावर चढून आरशाला तोंड भिडवायचं, कान अप्पांच्या मंत्राकडं. मंत्र थांबला की बाटली रिकाम्या डब्यांमागं. पहिल्या दिवशी औषध नुसतंच फासलं. ते वाळलं तसं चुना दिलेल्या भिंतीसारखं झालं, आणि हसलं की भेगा पडायच्या. म्हणून मी दिवसभर हसले नाही. दुसऱ्या प्रयोगात ग्लिसरीन मिसळलं, तर एसटीच्या खिडकीतली सगळी धूळ गालांवर येऊन बसली. मग वरून बोरिक. मग त्यात चिमूटभर हळद. एक गोष्ट मात्र मला सुचली नाही, की आपल्या कातडीच्या रंगाला जुळेल असं काही करावं. मला माझा रंग सुधारायचा नव्हता, बाईंचा रंग आणून माझ्यावर बसवायचा होता. आणि सगळ्यात मोठा शहाणपणा कपाळाचा. अव्वानं लावलेल्या विभूतीवर औषध लावायचं म्हणजे पाप, ही भीती पक्की. तेव्हा कपाळाचा मधला पट्टा मी सोडून द्यायची. गाल गुलाबी, हनुवटी गुलाबी, आणि कपाळावर मूळ काळा पट्टा, त्यावर पांढऱ्या तीन रेघा. अशी मी एसटीत चढायची आणि समजायची, की सगळे बघतायत ते सुंदर दिसते म्हणून.

आमची श्रावणी, म्हणजे नात, मेडिकलमधूनच आणते तिचं सगळं. काचेच्या कपाटात मांडून ठेवलेलं असतं. मध्ये तिनं मला खुर्चीत बसवलं. उन्हाचं क्रीम, त्यावर एक ट्यूब, जरासं काजळ, ओठांना काहीतरी ओलं. "रोजचा लुक आहे आज्जी. लावलंय असं दिसलंच नाही पाहिजे." त्या ट्यूबवर रंगांची नावं असतात. माझ्या रंगाचं नाव निघालं कोको. सत्तरी उलटल्यावर मला कळलं, की मी कोको आहे. त्याच तोंडानं मी संध्याकाळी मठात भजनाला गेले. शेजारणी म्हणाल्या, "काकी, तब्येत चांगली दिसते हो आज." मी म्हणाले, "तेल बंद केलंय." मला मजा आली. घरी येऊन तोंड धुताना मात्र नळ उगाच सोडून बराच वेळ उभी राहिले.

तर ते औषध टिकायचं नाही. एसटीत गर्दी, अंगाला अंग. घाम यायचा, मी पदरानं टिपायची. बाकीचं जायचं आणि ओठांच्या कडेला, डोळ्यांच्या खाली, बोटांच्या पेरांत पांढुरके ठिपके राहायचे. कोड सुरू होतं ते नेमकं तिथंच. हे मला ठाऊक नव्हतं. गावाला होतं. एसटीत कुणीतरी बघितलं, कुणीतरी शिवय्यांना विचारलं. शिवय्यांनी वाईट काहीच सांगितलं नाही, फक्त खरं सांगितलं, की तेलवाल्यांची पोरगी दर आठवड्याला कातडीचं औषध नेते. तेवढं पुरलं.

दोड्डप्पा, म्हणजे अप्पांचे थोरले भाऊ, दुपारच्या जेवणाच्या वेळी आले. त्या दिवशी सुट्टी होती, मी सकाळी नुसती सवयीनं औषध लावून घरातच बसले होते. अप्पा ताटावर होते. दोड्डप्पा बसले नाहीत. धाकट्या भावाला ते तम्मा म्हणत.

"तम्मा, आळंदचा निरोप आलाय. पोरीच्या अंगावर पांढरं हाय म्हणं. खरं काय ते सांगा म्हणत्यात."

अप्पांचा घास हातात राहिला. अव्वा चुलीपुढून उठली, माझी हनुवटी धरून मला दारातल्या उन्हात ओढलं, पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि माझा गाल घासायला लागली. अशी घासत होती, की कातडी निघते काय असं वाटलं. मग तिनं पदर बघितला. पदरावर गुलाबी. गालावर काळं. तिच्या तोंडावर इतका आनंद मी कधी बघितला नव्हता.

"रंग हाय!" ती ओरडली. "अहो, नुस्ता रंग हाय! डाग न्हाय, तोंडाला लावलंय हिनं!"

आणि ओरडून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण काय बोललो.

"लावलंय?" दोड्डप्पा म्हणाले. "तोंड रंगवून जाती ही? कॉलेजात?"

मग अव्वानं त्याच पदराच्या हातानं माझ्या थोबाडीत दिली. मी सांगायला गेले, की बाईही लावतात, रोज लावतात. तर दोड्डप्पा म्हणाले, "सुम्म बस!" आणि मी गप्प बसले. त्यानंतर त्या तिघांचं जे बोलणं झालं, ते मी चुलीच्या कोपऱ्यात बसून ऐकलं, आणि आजही कधी भाकरी थापताना शब्दन् शब्द कानात येतो.

"रंग होता म्हणून सांगून टाकू की पाव्हण्यांना," अव्वा म्हणाली. "पोरकटपणा केला म्हणावं."

"खुळी हायस काय?" दोड्डप्पा म्हणाले. "डाग असता तर नशीब म्हणता आलं असतं. रंगाला काय म्हणायचं? रोज रंगून कुणासाठी जात होती, हे इचारतील की न्हाई?"

"कुणासाठी न्हाई हो ती जात."

"मला ठावं हाय. आळंदला ठावं हाय का?"

अप्पा ताटाकडं बघत होते. त्यांनी एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. त्यांनी मला अव्वासारखं मारलं असतं तरी चाललं असतं. शेवटी हात धुतले आणि म्हणाले, "घामोळ्या होत्या, त्याचं औषध होतं, असं कळवा. इश्वास नसंल तर घरच्या बायकांनी येऊन बघून जावं." म्हणजे बघा, ते औषध घामोळ्यांचं होतं हेही खरंच. आमच्या घरात खोटं बोलत नसत. बाटली अव्वानं मागच्या नालीत ओतली. गुलाबी पाणी वाहत शेजाऱ्यांच्या दारापर्यंत गेलं आणि तिनं वरून दोन घागरी ओतल्या. पाव्हण्यांचा निकाल लागेपर्यंत कॉलेज बंद. मी रोज सकाळी तयार होऊन बसायची, वह्या मांडीवर घेऊन. मला वाटे, बायका येतील, बघतील, काही नाही म्हणतील, आणि मी दुसऱ्या दिवशी एसटीत बसेन. डाग नाहीतच, तर निकाल वेगळा लागेल कसा? हुशार होते ना मी.

आळंदहून मुलाची आई आली आणि तिची जाऊ आली. गूळपाणी झालं, अव्वानं हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, केली होती ती झाली. मग मुलाची आई पदर खोचत उठली आणि म्हणाली, "चल गं बाळे, डोक्यावरून पाणी घालते तुझ्या." न्हाणीत बंब पेटवलेला होता. मी परकर छातीवर बांधून दगडावर बसले. अव्वा दाराशी पडदा धरून उभी, पाठ आमच्याकडं. मुलाच्या आईनं शिकेकाई घेतली आणि मला न्हाऊ घातलं. जीव लावून घातलं, हे मी खोटं सांगणार नाही. कानामागं बघितलं, मानेवरचे केस वर धरून बघितलं, बोटांच्या बेचक्या ताणून बघितल्या, पाठ दारातल्या उजेडाकडं फिरवून हातानं घासून बघितली. तळपाय बघितले. ओठ खाली ओढून आतून बघितले, बैलाचे दात बघतात तसे.

"लाजू नको," त्या म्हणाल्या. "मीबी बाईच हाय."

जाऊबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "काळी हाय, पण एकसारखी हाय."

"एकसारखी हाय हेच बरं," त्या म्हणाल्या. "काळ्याला औषध लागत न्हाई."

त्या हसल्या. पडद्याशी उभी असलेली अव्वाही हसली, सुटल्यासारखी. माझ्या डोळ्यांत शिकेकाई गेली होती, म्हणून मी रडतेय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि मी लगेच डोळे पुसले, कारण मला उद्याची एसटी दिसत होती.

बाहेर येऊन मुलाच्या आईनं सगळ्यांसमोर सांगितलं, "पोरगी नितळ हाय. डोळे मिटून सोयरीक करू." दोड्डप्पांनी पेढे मागवले. अप्पांनी कितीतरी दिवसांनी मान वर केली. मी उंबऱ्याआड ओल्या केसांनी उभी होते आणि इतकी खूश, की हसू दाबता दाबेना. पास झाल्याचा आनंद होता तो.

दोड्डप्पा म्हणाले, "मग आता थांबायचं कशाला? आज एक उठलं, उद्या दुसरं उठंल. एकदा अक्षता पडल्या, की लोकांची तोंडं बंद."

"खरं हाय," मुलाची आई म्हणाली. "ह्याच महिन्यात उरकू."

अप्पा जरा घुटमळले. त्यांनी म्हटलं, हे मी त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते, त्यांनी म्हटलं, "पण ते बी.ए.चं... तिची परीक्षा तोंडावर आलीय."

"परीक्षा?" मुलाची आई म्हणाली. "आत्ताच घेतली की आम्ही. पहिल्या नंबरानं पास झाली."

सगळे हसले. दुकानात बसलेलं गिऱ्हाईकसुद्धा हसलं. अप्पा हसले. आणि लिहायला लाज वाटते, पण उंबऱ्याआड मीही हसले. काय बोलणं झालं, ते माझ्या डोक्यात शिरायला पेढा तोंडात विरघळेपर्यंत वेळ लागला. मग मी अव्वाला आत ओढून विचारलं, "म्हणजे कॉलेज?" अव्वा म्हणाली, "तुझं नाव वाचलं ते बघ." तिला खरंच तसं वाटत होतं. आजही मला तिचा राग धरता येत नाही. आणि राग धरता येत नाही म्हणून जास्त कडू वाटतं, कारण मग तो ठेवायचा कुठं?

पुढं सासर कसं होतं, ते ह्या प्रकरणात नको. नवरा चांगला होता. चपलांवरून मी केलेला अंदाज फारसा चुकला नाही. सासूबाईंबरोबर मी आयुष्य काढलं, आणि त्या मला पुन्हा कधी अपमानाचा शब्द बोलल्या नाहीत. गरजच नव्हती. लोक विचारत, शिकलेली आहे का सून? त्या म्हणायच्या, "दोन वर्षं कॉलेज केलंय." दीडच झालं होतं. मी दुरुस्ती करायची नाही.

लग्न आमच्या दारात झालं. पहाटेपासून डबे हलवून अंगण मोकळं केलेलं, वाजंत्री, बुंदीचा वास. मला पाटावर बसवलं आणि सासूबाई स्वतः एक डबा घेऊन आल्या. त्यात स्नो होती, गुलाबी पावडर होती, फुलांचं चित्र असलेल्या गोल डबीतला रंग होता, ओठांची लाल कांडी होती. सगळं कटलरीच्या दुकानातलं, सरळ समोरच्या दारातून आणलेलं. गल्लीतल्या बायका भोवती दाटल्या. एक म्हणाली, "गालाला अजून लावा." दुसरी म्हणाली, "ओठ नीट रंगवा, फोटोत दिसायला पायजेत." दोड्डप्पा दारातून डोकावले आणि म्हणाले, "आवरा लवकर, लक्ष्मीसारखी करून आणा पोरीला." अव्वा शेजारी उभी राहून बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

सासूबाईंनी मऊ कापसानं भरपूर पावडर घेतली आणि माझ्या कपाळापासून सुरुवात केली.

"डोळे मीट," त्या म्हणाल्या, "आत जाईल."

मी डोळे मिटले. त्या वेळी उमरग्याला माझ्या वर्गाचा मराठीचा पेपर सुरू झाला होता.